आदर्श वसाहतीवर ऐतिहासिक नाटक लिहिताना: सुरुवात नियमापासून

१८५१ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ओनायडा नावाची वसाहत होती. तिथे सगळं सामाईक होतं: जमीन, पैसा, जेवण आणि मुलंसुद्धा. मुलं आईजवळ न राहता बालगृहात वाढत. ‘हे माझं मूल’ असं वाटणं हा वसाहतीच्या लेखी स्वार्थच होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की लहान मुली आपल्या बाहुल्यांवर अगदी तसाच जीव लावतात. एके दिवशी या मुली आपापली बाहुली हातात धरून, गाणं म्हणत, मोठ्या शेगडीभोवती फेर धरून चालल्या. शेगडीच्या दारासमोर आल्यावर प्रत्येकीने आपली बाहुली आत टाकली.

त्यांच्यातल्याच एकीने मोठेपणी हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं.

हे वाचून पहिल्यांदा राग येतो. पण ती शेगडी पेटवणारी माणसं दुष्ट नव्हती. ‘आपलं-परकं’ या भेदापायी कुठलंच मूल मायेवाचून राहू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या वाटण्यातूनच नियम आला आणि नियमातून ती शेगडी. आदर्श वसाहतीवरचं नाटक मला इथे दिसतं. एक नियम प्रेमापोटी केला जातो, आणि त्याची किंमत असं कुणीतरी भरतं, ज्याला तो करताना कुणी विचारलेलं नसतं.

अशा विषयावर लिहायला बसलेले बहुतेक लेखक विचारापासून सुरुवात करतात. समता, सहजीवन, श्रमप्रतिष्ठा. मीही केली होती. पहिल्या खर्ड्यात संस्थापकाच्या तोंडी साडेतीन पानी भाषण होतं आणि ते मला फार आवडायचं. वाचनाच्या वेळी तिसऱ्या मिनिटाला लोक खुर्चीत हलायला लागले. विचार रंगमंचावर उभा करता येत नाही, नियम करता येतो. नियम पाळला जातो, मोडला जातो, लपवला जातो, बदलला जातो, म्हणजे त्यात क्रियापदं आहेत. म्हणून खालची सगळी पद्धत नियमाभोवती बांधली आहे.

वसाहत कशी निवडावी

वसाहत प्रसिद्ध असण्यापेक्षा तिथल्या माणसांनी लिहून किती ठेवलं हे जास्त महत्त्वाचं. सुदैवाने आदर्श समाज उभारायला निघालेली माणसं भरपूर लिहितात. नियमावल्या, पत्रं, रोजनिशा, स्वतःची वर्तमानपत्रं असं बरंच काही मागे राहतं.

थोडी उदाहरणं देतो, म्हणजे निवडीचा आवाका कळेल. इंग्लंडमध्ये १६४९ साली जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याचे साथीदार सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवरची पडीक जमीन खणायला लागले आणि तिथे गाजरं नि शेंगा पेरल्या. जमीन सर्वांची आहे, एवढाच त्यांचा दावा होता. १८२५ साली रॉबर्ट ओवेन या समाजसुधारकाने अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ‘न्यू हार्मनी’ सुरू केलं आणि दोन वर्षांत ते मोडलं. बॉस्टनजवळ जॉर्ज रिप्ले या धर्मोपदेशकाने १८४१ मध्ये आपलं पद सोडून ‘ब्रुक फार्म’ काढलं, ते १८४७ पर्यंत चाललं. गांधीजी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी १९१० मध्ये जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर ‘टॉल्स्टॉय फार्म’ वसवलं. अकराशे एकर जमीन कॅलनबाखांची होती आणि तिथे सत्याग्रहात तुरुंगात जाणाऱ्यांची कुटुंबं राहणार होती. आयोवातली अमाना गावं मात्र १८५५ पासून १९३२ पर्यंत सामाईक संसार करत राहिली.

माझा सल्ला: पहिल्या नाटकासाठी अल्पायुषी वसाहत घ्या. सत्तर वर्षांच्या वसाहतीत पिढ्या बदलतात आणि नाटकाची कादंबरी व्हायला लागते. मॅसॅच्युसेट्समधली ‘फ्रूटलँड्स’ जून १८४३ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी १८४४ मध्ये संपली. उन्हाळ्यात सुरुवात, बर्फात शेवट. नाटकाला लागणारा काळ इतिहासानेच आखून दिला आहे.

नियम शोधणं आणि त्याची किंमत मोजणं

निवडलेल्या वसाहतीचे सगळे नियम एका कागदावर उतरवून काढा. मोठे, छोटे, लिखित, अलिखित. मग प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: हा कुठल्या चांगल्या हेतूने आला, तो रोज कुठल्या वस्तूला किंवा शरीराला स्पर्श करतो, आणि त्याचा भार कुणावर पडतो.

फ्रूटलँड्स घेऊ. तिचे संस्थापक ब्रॉन्सन ऑल्कॉट आणि चार्ल्स लेन यांनी ठरवलं की कुणाच्याही शोषणातून आलेली वस्तू वापरायची नाही. मांस, दूध, अंडी, मध वर्ज्य. लोकर मेंढीची, म्हणून नको. कापूस गुलामांच्या श्रमातून येतो, म्हणून तोही नको. राहिलं लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. हेतू किती निर्मळ आहे बघा, विशेषतः कापसाचा. पण मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्यात लिननचे कपडे मुलांच्या अंगावर घालायचे, ते धुवायचे, वाळवायचे आणि चार मुलींना रोज काहीतरी शिजवून घालायचं हे सगळं ऑल्कॉटची पत्नी अबिगेल हिच्या वाट्याला आलं. लेनला तर कुटुंब ही संस्थाच मोठ्या सहजीवनाच्या आड येते असं वाटू लागलं होतं. ऑल्कॉट दांपत्याची मुलगी लुइझा, जी पुढे मोठी लेखिका झाली, तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची होती. डिसेंबर १८४३ च्या तिच्या रोजनिशीत एका रात्रीची नोंद आहे. आईवडील आणि दोघी मोठ्या मुली बराच वेळ बोलत बसले, सगळे रडले, आणि अंथरुणात पडल्यावर तिने देवाकडे मागितलं की आम्हाला एकत्र ठेव.

कापसाचा नियम आणि ती रात्र यांच्यामध्ये जे जे घडलं असेल, ते तुमचं नाटक.

काही नियम जखमेतून येतात. शेकर या ख्रिस्ती पंथाची प्रमुख ॲन ली १७७४ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला आली. तिच्या पंथात ब्रह्मचर्य सक्तीचं होतं. तिची स्वतःची चार मुलं लहानपणीच गेली होती. हे माहीत असताना तो नियम वाचला की तो उपदेशासारखा वाटत नाही.

टॉल्स्टॉय फार्मवरचा एक प्रसंग मला लिहिताना फार अवघड गेला. एका तरुणाने दोन मुलींची छेड काढली. गांधीजी रात्रभर विचार करत राहिले आणि त्यांनी त्या मुलींना केस कापू द्यायला सुचवलं, म्हणजे कुणाची वाईट नजर जाणार नाही आणि मुलींच्या अंगावर एक खूण राहील. मोठ्या बायकांना आधी हे पटेना. मुली अखेर राजी झाल्या, आणि ज्या हाताने हे लिहितो आहे त्याच हाताने मी त्यांचे केस कापले, अशा अर्थाचं गांधीजींनी स्वतः पुढे लिहिलं आहे. त्यांनी ते लपवलं नाही, हे त्यांच्याबद्दल बरंच काही सांगतं. पण त्या मुलींना काय वाटलं हे आपल्याला त्यांच्या शब्दांत मिळत नाही. छेड कुणी काढली आणि केस कुणाचे गेले, हा आजचा प्रश्न आहे. तो प्रश्न पात्रांच्या तोंडी घालू नका. खुर्ची, कात्री आणि दोन मुली रंगमंचावर आणा. प्रेक्षक तो प्रश्न स्वतः विचारतील.

एवढं केल्यावर यादीतून एकच नियम निवडा. दोन नको. बाकीचे नियम पार्श्वभूमीला राहतील, पण नाटक एकाच नियमावर चालेल.

कागदपत्रं वाचताना

तीन तऱ्हेचे कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचायची सवय लावून घ्या. पहिला, नियमावली: वसाहत स्वतःबद्दल काय म्हणते. दुसरा, हिशेबाची वही: प्रत्यक्षात काय विकत घेतलं, काय विकलं, कुणाला किती देणं होतं. तिसरा, खासगी पत्रं: रात्री दिव्याशी बसून माणसं काय लिहितात. या तिन्हींचा मेळ जिथे बसत नाही, तिथे प्रवेश दडलेला असतो.

ब्रुक फार्मवर नॅथॅनिएल हॉथॉर्न हा लेखक एप्रिल १८४१ मध्ये राहायला आला. शरीरश्रम करावे आणि उरलेल्या वेळात लिहावं, हा बेत. त्याची वाग्दत्त वधूला लिहिलेली पत्रं टिकली आहेत. शेणखताच्या ढिगाला तिथे ‘सोन्याची खाण’ म्हणत आणि सुरुवातीच्या पत्रांत तो त्या कामाबद्दल उत्साहाने लिहितो. जूनच्या आरंभी मात्र तो म्हणतो, की पैशाच्या राशीखाली जसा माणसाचा आत्मा गाडला जातो, तसाच शेणाच्या ढिगाखालीही गाडला जाऊ शकतो. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते! एका पात्राचा अख्खा आलेख या दोन पत्रांत आहे, आणि वस्तू तीच आहे: शेणाचा ढीग.

वाचताना आणखी एक गोष्ट हमखास तपासा. दाराबाहेर कोण उभं आहे? न्यू हार्मनीच्या १८२५ च्या घटनेत सर्व वयाच्या आणि सर्व प्रकारच्या माणसांना प्रवेश होता, पण कृष्णवर्णीय सोडून. समतेच्या जाहीरनाम्यातच हे कलम आहे. विल्यम लेन या पत्रकाराच्या मागे (फ्रूटलँड्सचा लेन वेगळा) १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियातून दोनशेहून जास्त माणसं जहाजाने पॅराग्वेला ‘न्यू ऑस्ट्रेलिया’ वसवायला गेली. तिथेही समता होती, आणि ती फक्त गोऱ्यांसाठी होती. हे तुमच्या नाटकाचा मुख्य विषय नसेलही, पण तुम्हाला ते ठाऊक नसेल तर पात्रांच्या समतेच्या गप्पा तुम्ही भोळेपणाने लिहाल.

कागद नाहीसेही होतात. ओनायडाच्या कागदपत्रांचा मोठा साठा १९४७ मध्ये जाळण्यात आला. जिथे पुरावा जळला आहे तिथे कल्पना करायला हरकत नाही, पण आपण कल्पना करतो आहोत हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. त्यासाठी मी तीन रंगांची शाई वापरतो. काळ्या शाईत नोंदलेलं, निळ्या शाईत नोंदीवरून वाजवीपणे निघणारं, लाल शाईत माझं स्वतःचं. संहितेच्या पहिल्या दोन खर्ड्यांत प्रत्येक प्रसंगाच्या समासात त्या रंगाची रेघ ओढतो. सगळीकडे लाल दिसायला लागलं की परत वाचनाकडे वळायचं. सगळीकडे काळं दिसलं तर नाटक अजून सुरूच झालेलं नाही, असं समजायचं.

जाता जाता एक सावधगिरी. दीड-दोनशे वर्षांपूर्वीची पत्रं वापरता येतात, पण आजच्या अभ्यासकाने केलेली मांडणी, त्याची वाक्यरचना, त्याने केलेला अनुवाद त्याचा असतो. घटना घ्या, शब्द घेऊ नका.

किती काळ दाखवायचा

एक ऋतू, फार तर एक वर्ष. स्थापना, भरभराट, भांडण, विसर्जन असा सगळा प्रवास दाखवायचा मोह टाळा. असा प्रवास दाखवला की प्रत्येक प्रवेश ‘आणि मग असं झालं’ सांगण्यात जातो.

ब्रुक फार्मवर १८४४ पासून एक प्रचंड इमारत बांधली जात होती. लाकडी, तीन मजली, १७५ फूट लांब. सगळ्यांनी एका छपराखाली राहायचं म्हणून. जवळचा पैसा, कर्ज, श्रम त्यात ओतले. ३ मार्च १८४६ च्या संध्याकाळी लोक दुसऱ्या घरात नाच-गाण्याला जमलेले असताना तिला आग लागली आणि दोन-एक तासांत ती गेली. विमा उतरवलेला नव्हता. पुढे कर्ज फेडण्यासाठी रिप्लेला आपला ग्रंथसंग्रह विकावा लागला.

इथे नाटककार सहसा आगीकडे धावतो. मी म्हणेन, आगीच्या आधीचा महिना घ्या. विम्याचा विषय कुणी काढला होता का? काढला असेल तर ‘आपल्यात अविश्वासाची भाषा नको’ म्हणून तो कुणी थांबवला? हे लाल शाईतलं आहे, अर्थातच. पण असा प्रवेश घडून गेल्यावर मध्यंतरानंतर विंगेतून नुसता तांबडा उजेड आला तरी पुरतो.

पात्रं

संस्थापकाला मध्यभागी ठेवू नका. तो जितका कमी दिसेल तितका मोठा वाटतो. त्याच्याकडे उत्तरं असतात, आणि उत्तरं असलेलं पात्र पुढे हलत नाही. मध्यभागी अशी व्यक्ती ठेवा जी नियमावर मनापासून विश्वास ठेवते आणि जिला तो नियम सर्वात महाग पडणार आहे. ओनायडात ही व्यक्ती म्हणजे बालगृहात काम करणारी आई. फ्रूटलँड्समध्ये अबिगेल.

नवखा पाहुणा आणून त्याला वसाहत दाखवत फिरवायची युक्ती फार वापरली गेली आहे. ती वापरायचीच असेल तर पाहुण्याला काहीतरी हवं असू द्या: बहिणीला परत न्यायला आलेला भाऊ, थकलेली रक्कम मागायला आलेला सावकार. मग माहिती भांडणातून बाहेर येते.

खऱ्या नावांचं काय? माझा नियम असा: ज्या व्यक्तीबद्दल भरपूर नोंद आहे तिचं खरं नाव ठेवायचं आणि तिच्या हातून नोंदीला छेद देणारी कृती घडवायची नाही. ज्यांच्याबद्दल एखादीच ओळ मिळते, त्यांच्यावरून नवीन नावाचं पात्र बांधायचं. दोघा-तिघांचं मिळून एक केलं तरी चालतं. त्यांचे वंशज हयात असू शकतात, हे डोक्यात ठेवून लिहिलं की हात आपोआप सावध होतो.

शेवटच्या काळात ओनायडात तीनशेच्या आसपास माणसं होती. तुमच्याकडे आठ नट असतील. गर्दी दाखवायची गरज नाही. जेवणाची घंटा विंगेत वाजू द्या आणि टेबलावर ताटल्या मांडल्या जाऊ द्या. पहिल्या प्रवेशात बारा ताटल्या, मध्यंतराच्या आधी नऊ, शेवटी चार. किती लोक सोडून गेले हे कुणी बोलून दाखवायला नको.

हातांना काम, भिंतींना नियम

या वसाहतींमध्ये सगळ्यात खरं जे होतं ते काम. म्हणून प्रत्येक प्रवेशात काहीतरी चालू असू द्या: शेंगा सोलणं, चपला शिवणं, खुर्च्या पुसणं. टॉल्स्टॉय फार्मवर चपला बनवल्या जात, आणि कॅलनबाख ती कला एका ख्रिस्ती मठात जाऊन शिकून आले होते. वादाच्या ऐन मध्यात चामड्यात आर अडकली की वाद वेगळ्याच वाटेने जातो. तालमीत नटांना ते काम खरंच शिकवा. खोटं सोलणं तिसऱ्या रांगेपर्यंत ओळखू येतं.

नेपथ्यही नियमातून काढता येतं. शेकरांच्या घरांत स्त्रिया आणि पुरुष यांचे जिने वेगळे असत, दारंही वेगळी. भिंतीवर खुंट्यांची ओळ, आणि झाडताना खुर्च्या त्या खुंट्यांना उलट्या टांगत. रंगमंचावर दोन दारं आणि खुंट्यांची ओळ एवढंच ठेवलं तरी सगळा पंथ उभा राहतो. आणि एखाद्या रात्री कुणी चुकीच्या दारातून आलं, तर संवादाची गरजच उरत नाही.

तू, तुम्ही आणि समता

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक हत्यार मिळतं, जे इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे नाही. कोण कुणाला ‘तू’ म्हणतं, कोण कुणाला ‘तुम्ही’. समतेच्या वसाहतीत हा प्रश्न पहिल्याच संवादापासून लिहिणाऱ्यासमोर येतो. सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात असं ठरवलं, तर म्हातारा सुतार संस्थापकाला ‘तू’ म्हणताना अडखळेल का? सगळे ‘तुम्ही’ म्हणत असतील, तर नवराबायको दाराआड काय म्हणत असतील? लिहायच्या आधी सर्व पात्रांचा तक्ता करा. कोण कुणाला काय म्हणतं आणि कुठल्या प्रवेशात ते बदलतं. तो बदल हा कधीकधी पूर्ण प्रवेशाचा कळस होऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेतले भारतीय लोक गांधीजींना ‘भाई’ म्हणत. त्या एका शब्दात जवळीकही आहे आणि अधिकारही.

बाकी भाषेबद्दल थोडक्यात. जुना काळ म्हणून संस्कृतप्रचुर मराठी लिहू नका. ‘समतावादी’, ‘सामूहिकता’ असे शब्द पात्रांच्या तोंडी आले की खोडा. त्या माणसांनी ‘आपलं’, ‘सगळ्यांचं’, ‘वाटा’, ‘पाळी’ असे शब्द वापरले असतील. आणि ‘युटोपिया’ हा शब्द कुणाच्याही तोंडी नको. आपण स्वप्नात राहतो असं त्यांना वाटत नव्हतं, आपण राहतो तेच खरं जगणं असं वाटत होतं.

एक प्रवेश जवळून

बाहुल्यांच्या प्रसंगावर मी लिहिलेला तुकडा खाली देतो. यात काळ्या शाईतलं एवढंच आहे: बालगृह, शेगडी, बाहुल्या जाळायचं ठरलेलं असणं. ती बाई, ही विशिष्ट मुलगी, हात वर करणं आणि बटणं लाल शाईतली.

(बालगृह. सकाळ. बाई शेगडीत लाकडं सारते आहे. सात वर्षांची मुलगी जमिनीवर बसून बाहुलीला झगा घालते आहे.)

बाई : आता झगा कशाला?

मुलगी : थंडी आहे.

बाई : आज काय आहे ते माहीत आहे ना? काल तूही हात वर केला होतास.

मुलगी : हो.

बाई : मग?

मुलगी : तिला अजून सांगितलं नाही.

(बाई शेगडीचं दार उघडते. आत बघते. बंद करते.)

बाई : बटणं काढून ठेव. कामाला येतील.

(मुलगी एकेक बटण काढू लागते. शेवटचं निघत नाही. बाई खाली बसते, दाताने दोरा तोडते. बटण हातात राहतं. बाहेरून मुलींचं गाणं जवळ येतं.)

आधीच्या खर्ड्यात ही बाई त्या मुलीची सख्खी आई होती आणि तिला एक भाषणही होतं: मी तुला नऊ महिने पोटात वाढवलं वगैरे. ते काढलं. आता ती आई आहे की नाही हे संहितेत कुठेच सांगितलेलं नाही. नटीने ते ठरवायचं आणि कुणाला सांगायचं नाही. नियमाविरुद्ध एक शब्द कुणी बोलत नाही. उलट बाई नियमाला मदतच करते आहे, बटणं वाया जाऊ नयेत म्हणून. सामाईक संसारात बटण सगळ्यांचं असतं. ही काटकसर तिथल्या श्रद्धेतूनच येते, म्हणून ती नुसती क्रूर वाटत नाही.

असा एक प्रवेश आधी लिहून बघा. नाटकाची सुरुवात नव्हे, मधलाच, जिथे नियम एखाद्या वस्तूला हात घालतो तो. तो जमला तर त्याच्या मागे-पुढे नाटक बांधता येतं. नाही जमला तर नियम चुकीचा निवडला आहे. यादीकडे परत जा.

अंकांची बांधणी

दोन अंक पुरतात. पहिल्या अंकात नियम चालला पाहिजे. खरोखर चालला पाहिजे: ज्याला घरी भाकरी मिळत नव्हती त्याला मिळते, जी शिकली नव्हती ती शिकते, दोन वैरी एका ओळीत बसून शेंगा सोलतात. हा भाग लिहायला सर्वात कठीण, कारण आनंदात संघर्ष कमी असतो. तरीही इथे कसर करू नका. एक उपाय सांगतो. पहिल्या अंकातला अडथळा बाहेरून येऊ द्या: दुष्काळ, शेजारचे जमीनमालक, थंडी. वसाहत त्याला तोंड देते आणि जिंकते. त्याच विजयात नियम घट्ट होतो. दुसऱ्या अंकात तोच घट्ट झालेला नियम आतल्या माणसाला आवळतो.

शेवट करताना वसाहत का मोडली याचं स्पष्टीकरण कुणाच्याही तोंडी देऊ नका. नंतरच्या दिवसाची सकाळ दाखवा. अमानामध्ये पन्नासहून जास्त सामाईक स्वयंपाकघरं होती. १९३२ मध्ये लोकांनी मत देऊन जुनी व्यवस्था बदलली आणि घराघरांत चुली आल्या. आयुष्यभर चाळीस माणसांचं शिजवलेली एक बाई पहिल्यांदा दोघांपुरतं शिजवायला उभी राहते, आणि मीठ किती घालायचं तिला कळत नाही. ही बाई माझी कल्पना आहे, पण असा शेवट माझ्या मते कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगतो.

वाचन आणि दुरुस्ती

खर्डा पूर्ण झाला की नटांना बोलवून मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही स्वतः वाचू नका. पेन्सिल घेऊन बाजूला बसा आणि दोनच खुणा करा: लोक कुठे हलले आणि लोक पहिल्या अंकात कुठे हसले. पात्रांच्या बोलण्यातल्या गमतीला हसले असतील तर उत्तम. त्यांच्या स्वप्नाला हसले असतील, तर ती जागा तुमच्याकडून बिघडली आहे. बहुधा पात्राला त्या क्षणी आपलं भविष्य माहीत असल्यासारखं तुम्ही लिहिलेलं असतं. त्याला मार्चमधल्या आगीची कल्पना नाही, हे लक्षात ठेवून ती वाक्यं परत लिहा.

इतिहास जाणणाऱ्या एकाला आणि वसाहतीचं नावही न ऐकलेल्या एकाला वाचनाला नक्की बोलवा. पहिला चुका काढेल, त्या लिहून घ्या, वाद घालू नका. प्रयोगाच्या पत्रकात खरं काय आणि रचलेलं काय हे पाच-सहा ओळींत सांगायचं असतं, तिथे त्याची मदत होते. दुसऱ्याला मध्यंतरातच, चहाच्या आधी, एक प्रश्न विचारा: तिथे राहायला जावंसं वाटलं का? नाही म्हणाला, तर दुसरा अंक बाजूला ठेवा आणि पहिला पुन्हा लिहायला घ्या.